डॉलरमागे किती घनमीटर? वायूचे साठे आणि अर्थव्यवस्थेचा आकार

शिवडीकर

नमस्कार मंडळी. माझी पुतणी अर्थशास्त्रात एम. ए. करते आहे. गेल्या रविवारी तिने मला विचारले, "काका, नैसर्गिक वायूच्या बाबतीत जगातला सर्वांत श्रीमंत देश कोणता?" बँकेत चौतीस वर्षे काढलेला माणूस अशा प्रश्नाला तोंडी उत्तर देत नाही, तो आधी कागद आणि पेन शोधतो.

केवळ साठा पाहिला तर उत्तर सोपे आहे. २०२० अखेरच्या आकडेवारीनुसार रशियाकडे ३७.४ लाख कोटी घनमीटर, इराणकडे ३२.१ आणि कतारकडे २४.७ लाख कोटी घनमीटर सिद्ध साठे होते. जगातील एकूण साठे सुमारे १८८ लाख कोटी घनमीटर, म्हणजे निम्मा वायू या तिघांच्याच पोटात आहे. पुतणीचा आक्षेप असा की, घरात खाणारी तोंडे किती हे न पाहता कोठीत किती पोती आहेत एवढेच सांगण्यात काय अर्थ? म्हणून मी प्रत्येक देशाच्या साठ्याला त्याच वर्षीच्या सकल देशांतर्गत उत्पादनाने भागले आणि एक डॉलर उत्पादनामागे किती घनमीटर वायू येतो ते काढले.

कतार: सुमारे १७०.
रशिया: सुमारे २५.
नॉर्वे: चारला थोडा कमी.
अमेरिका: ०.५९.
चीन: ०.५७.
भारत: ०.४९.

तुर्कमेनिस्तानकडे १३.६ लाख कोटी घनमीटर आहेत आणि अर्थव्यवस्था ४५ ते ५० अब्ज डॉलरची, म्हणजे गुणोत्तर २७० ते ३०० च्या घरात जाते आणि तो देश कतारलाही मागे टाकतो. मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ सापडलेला सुमारे २.८ लाख कोटी घनमीटर वायू धरला, तर तोही २०० च्या आसपास येतो. इराण मी मुद्दाम गाळला आहे. त्याचे कारण जाणकारांनी ओळखले असेलच.

आता माझी अडचण अशी की, या यादीत पहिला आलेला देश, दुसरा आलेला देश आणि तिसरा आलेला देश यांच्यात मला काहीही समान दिसत नाही. शिवाय अमेरिका, चीन आणि भारत एकाच पंगतीला बसले आहेत, हे काही मनाला पटत नाही. माझा भागाकार चुकला आहे, की भागाकारामागचा विचारच चुकला आहे?

दोहा_डोंबिवली

शिवडीकर साहेब, भागाकार बरोबर आहे. मी कतारच्या रास लफान या वायूबंदराच्या परिसरात अकरा वर्षे नोकरी केली, त्यामुळे कतारपुरते चार शब्द लिहितो.

कतारचा जवळजवळ सगळा वायू एकाच क्षेत्रात आहे. समुद्राखालचे हे क्षेत्र १९७१ मध्ये सापडले (ज्या वर्षी गावसकर पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पहिली कसोटी खेळला, त्याच वर्षी, डोंबिवलीच्या माणसाला तारखा अशाच लक्षात राहतात). सापडला तेव्हा तेल मिळाले नाही म्हणून शोधणाऱ्यांची निराशाच झाली होती. वायू नेणार कुठे? जवळपास गिऱ्हाईक नाही, आणि वायू पिंपात भरून जहाजावर चढवता येत नाही. त्याला उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावे लागते, तेव्हा त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट कमी होते. हा सगळा खटाटोप उभा राहून पहिले जहाज जपानकडे निघेपर्यंत १९९६ साल संपत आले होते. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे तो साठा कागदावर तेवढाच प्रचंड होता आणि देशाला त्याचा उपयोग मात्र जवळपास शून्य होता. तुमच्या पद्धतीने १९८५ सालचे गुणोत्तर काढले असते, तर ते आजच्याहून कितीतरी मोठे आले असते, आणि तेव्हाचा कतार आजच्याहून कितीतरी गरीब होता.

तेच क्षेत्र सीमेपलीकडे इराणच्या हद्दीत जाते. एकूण क्षेत्रफळ सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर. त्यातले साधारण ६,००० कतारकडे आणि ३,७०० इराणकडे. खडक तोच, वायू तोच. एका बाजूने जगभर जहाजे जातात आणि दुसऱ्या बाजूचा देश जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी असूनही जवळपास सगळा वायू घरातच जाळतो. हिवाळ्यात तर त्याला स्वतःलाच तुटवडा पडतो आणि कारखाने बंद ठेवावे लागतात. त्यात निर्बंधांचा मोठा वाटा आहे, स्वस्त दराने वायू देण्याच्या सवयीचाही आहे.

नवा_भाडेकरू

धागा आवडला. एक प्राथमिक शंका विचारतो. सिद्ध साठा म्हणजे जमिनीखाली असलेला सगळा वायू नव्हे का? मग तो आकडा वर्षागणिक वाढतो कसा?

ट्रॉम्बेवासी

शंका प्राथमिक नाही. धाग्याचे मर्म तिथेच आहे.

सिद्ध साठा म्हणजे आजच्या तंत्राने, आजच्या भावाने आणि आजच्या कायद्याच्या चौकटीत जो वायू बाहेर काढणे परवडेल अशी वाजवी खात्री आहे, तेवढाच वायू. खडकात असलेला वायू ही भूगर्भाची गोष्ट झाली. सिद्ध साठा ही भूगर्भाइतकीच बाजाराची गोष्ट आहे. भाव चढला की काल न परवडणारी विहीर आज परवडते आणि साठा वाढतो, जमिनीखाली एक फुगाही नवीन तयार झालेला नसताना.

अमेरिकेचे उदाहरण पाहा. २००० अखेर तिच्याकडे पाच लाख कोटी घनमीटरच्या आतबाहेर सिद्ध साठे होते. पुढच्या वीस वर्षांत तिने बारा लाख कोटी घनमीटरहून अधिक वायू काढून वापरला, म्हणजे होता त्याच्या दुपटीहून जास्त. आणि २०२० अखेर शिल्लक किती? १२.६ लाख कोटी. शेल खडकात वायू आहे हे पूर्वीपासून ठाऊक होते. आडव्या विहिरी आणि पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याचे तंत्र स्वस्त झाल्यावर तो 'साठा' झाला. त्या वर्षीच्या उत्पादनाच्या वेगाने भागले तर अमेरिकेचा साठा चौदा वर्षे पुरेल असे दिसते आणि तुर्कमेनिस्तानचा दोनशेहून अधिक वर्षे. तरीही चिंतेत अमेरिका नाही. तिच्या कंपन्या पुढची दहा-पंधरा वर्षे पुरेल एवढेच 'सिद्ध' करून ठेवतात, कारण त्यापुढचे सिद्ध करण्यावर आज पैसा घालण्यात त्यांना लाभ नाही. आमच्या कारखान्यात कच्चा माल किती दिवसांचा साठवावा याचे जे शास्त्र होते, तेच हे.

उलट्या दिशेचे उदाहरण आपल्या घरचे आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ गटात २००२ मध्ये वायू सापडला, एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि दिवसाला ८ कोटी घनमीटरपर्यंत जाण्याची योजना होती. २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या वर पोहोचले आणि तिथून घसरत गेले. काढता येण्याजोग्या साठ्याचा अंदाज दहा लाख कोटी घनफुटांवरून तीनच्या आसपास आणावा लागला. त्या वायूच्या भरवशावर उभारलेली वीजकेंद्रे वर्षानुवर्षे रिकामी उभी राहिली. साठा कागदावरून गेला आणि जाताना कर्जे मागे ठेवून गेला.

अपूर्णांक

ट्रॉम्बेवासी काकांनी अंशाचे काम केले; मी छेदाकडे वळते. मी पदवीच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवते आणि शिवडीकर काकांची यादी उद्या फळ्यावर लिहावी असे वाटते, ती जशी आहे तशीच, कारण तिच्यातली खोट शिकवण्यासारखी आहे.

काका, तुम्ही कतारसाठी २०२० चे सकल उत्पादन घेतले. ते सुमारे १४४ अब्ज डॉलर होते. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, ते सुमारे २३६ अब्ज डॉलर झाले. साठा तोच धरा. गुणोत्तर १७० वरून १०५ वर येते. दोन वर्षांत कतारने काय गमावले? काहीच नाही. कतारचा रियाल डॉलरशी ३.६४ या दराने वर्षानुवर्षे बांधलेला आहे, त्यामुळे चलनाचाही हा खेळ नव्हे. झाले ते एवढेच की, वायू महाग झाला. २०२० च्या उन्हाळ्यात आशियाच्या बाजारात द्रवरूप वायूचा तात्कालिक भाव दर दहा लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचे माप) दोन डॉलरच्या आसपास लोळत होता. युक्रेनचे युद्ध पेटल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये तोच पन्नास डॉलरच्या वर गेला. म्हणजे कतार ज्या वर्षी सर्वांत श्रीमंत झाला, त्याच वर्षी तुमच्या यादीत तो खाली घसरला!

याचे कारण छेदातच अंश शिरलेला आहे. ज्या देशाचे उत्पन्नच वायूवर चालते, त्याच्या सकल उत्पादनात वायूचा भाव मिसळलेला असतो. आणि ट्रॉम्बेवासी काकांनी वर सांगितल्याप्रमाणे अंशातही भाव मिसळलेला असतो. ज्या दोन राशी एकाच तिसऱ्या राशीच्या तालावर नाचतात, त्यांच्या भागाकाराला आपण स्वतंत्र मोजमाप समजतो आहोत.

इराण तुम्ही का गाळलात तेही सांगून टाकते, कारण त्यात छेदाचा दुसरा दोष आहे. इराणचा सरकारी दर २०१८ पासून डॉलरला ४२,००० रियाल होता, आणि २०२० अखेर खुल्या बाजारात एका डॉलरला अडीच लाखांच्या आसपास रियाल मोजावे लागत होते. कोणत्या दराने भागायचे? उत्तर सहापटीने बदलते. तुर्कमेनिस्तानातही २०१५ पासून सरकारी दर डॉलरला साडेतीन मनात असा गोठलेला आहे आणि खुल्या बाजाराचा दर त्याच्या कितीतरी पट आहे. तेव्हा तुमचा २७० ते ३०० हा आकडा सरकारने बोटावर मोजून दिलेल्या डॉलरांवर उभा आहे.

शिवडीकर

अपूर्णांक ताई, शिकस्त मान्य. बँकेत असताना तारण ठेवलेल्या सोन्याचा भाव आणि कर्जदाराचे उत्पन्न ही दोन्ही एकाच सराफबाजारावर अवलंबून असतील, तर ते तारण अर्धेच धरा, असे आमचे साहेब सांगत. ते मी कतारच्या बाबतीत विसरलो.

मात्र एक मुद्दा सोडवत नाही. गुणोत्तर फार मोठे असले की देशापुढे काही विशिष्ट संकटे उभी राहतात, हे तरी खरे ना? मोझांबिकबद्दल कुणी सविस्तर लिहील काय? तिथे आपलाही पैसा आहे असे ऐकून आहे.

उरणकर

आपला म्हणजे अगदी मुंबईचा म्हणा. रोवुमा खोऱ्यातील क्षेत्र एक मध्ये भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून तीस टक्के वाटा आहे: ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये मुख्यालय असलेल्या भारत पेट्रोलियमची उपकंपनी. मी स्वतः किनाऱ्यावरच्या प्रक्रिया केंद्रात निवृत्त झालो, परदेशी प्रकल्पांवर कधी गेलो नाही, पण तिथे गेलेले सहकारी होते.

तिथे वायू २०१० मध्ये सापडला. क्षेत्र एकच्या प्रकल्पावर सुमारे २० अब्ज डॉलर खर्च करण्याचा अंतिम निर्णय जून २०१९ मध्ये झाला, आणि देशाचे संपूर्ण वार्षिक उत्पादन तेव्हा त्याहून कमी होते. घरापेक्षा दरवाजा मोठा, असा हा प्रकार. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर सशस्त्र बंडखोरांचा हल्ला झाला, पुढच्याच महिन्यात कंपनीने अपरिहार्य आपत्तीचे कलम लावून काम थांबवले आणि ते वर्षानुवर्षे थांबलेले राहिले. त्याच समुद्रात दुसऱ्या एका क्षेत्रावर तरंगते द्रवीकरण जहाज उभे केले होते. त्यातून पहिली खेप नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाली. ते जहाज किनाऱ्यापासून दूर होते, म्हणूनच ते चालू राहिले.

वायू निघण्याआधीच नुकसान झाले, ही मोझांबिकची खरी कथा आहे. २०१३ आणि २०१४ मध्ये सरकारी हमीवर सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जे उचलली गेली. मासेमारीची जहाजे आणि किनारा-सुरक्षा हे कारण दिले होते. त्यातली बरीचशी कर्जे संसदेला न सांगता घेतलेली होती, आणि २०१६ मध्ये ते उघड झाल्यावर नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी हात आखडता घेतला, चलन कोसळले. उद्या वायू येणारच आहे या भरवशावर आज कर्ज देणारे आणि घेणारे दोघेही सैलावले होते, असे माझे मत आहे.

अपूर्णांक

उरणकरांच्या मताला माझा दुजोरा आहे. नैसर्गिक संपत्तीचा शाप आपण वर्गात शिकवतो, पण इथे संपत्ती हाती येण्याआधीच शाप लागलेला आहे. यात गुणोत्तराचा उपयोग होतो, असे मी म्हणेन: साठ्याच्या मानाने अर्थव्यवस्था फारच लहान असेल, तर वायूच्या केवळ बातमीने कर्जाचे, अंदाजपत्रकाचे आणि सत्तेच्या गणिताचे संतुलन ढळते. मोठ्या अर्थव्यवस्थेत तेवढीच बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाते.

तुलनेला नेदरलँड्स घ्या. ग्रोनिंगेन क्षेत्र १९५९ मध्ये सापडले आणि त्यात मुळात सुमारे २.८ लाख कोटी घनमीटर काढण्याजोगा वायू होता. म्हणजे रोवुमात सापडला जवळपास तेवढाच. तिथे कारखाने होते, बंदरे होती, कर गोळा करणारी यंत्रणा होती. घराघरांत नळाने वायू पोहोचवण्याचे काम त्यांनी दहाएक वर्षांत उरकले. तरीही निर्यातीमुळे त्यांचे चलन वधारले आणि बाकीच्या उद्योगांचा माल परदेशात महाग पडू लागला. या विकाराला १९७७ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने 'डच रोग' असे नाव दिले, आणि एवढ्या नेटक्या देशाचे नाव कायमचे एका रोगाला चिकटले.

आणि नवा_भाडेकरू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे आणखी एक उत्तर याच ग्रोनिंगेनमध्ये आहे. वायू उपसल्याने तिथली जमीन खचू लागली, भूकंप होऊ लागले. २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला आणि हजारो घरांना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन बंद झाले आणि २०२४ मध्ये ते कायद्याने कायमचे थांबवले गेले. सुमारे ४५० अब्ज घनमीटर वायू अजूनही खाली आहे. भारताच्या एकूण सिद्ध साठ्याच्या एक तृतीयांश म्हणा ना. विहिरी होत्या, नळ होते, गिऱ्हाईक होते, भाव होता. पण लोकांची घरे पडत होती, म्हणून तो आता साठा नाही.

नवा_भाडेकरू

ताई, हे वाचून थक्क झालो. मग आमच्या परळच्या स्वयंपाकघरातल्या नळातून जो वायू येतो तो या ०.४९ मधलाच, की कतारच्या १७० मधला?

उरणकर

दोन्हींतला, आणि मिसळलेला असा की ज्योत पाहून कळणार नाही.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर सागर सम्राट या जहाजाने १९७४ मध्ये तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही येतोच. सुरुवातीच्या काळात त्यातला पुष्कळसा वायू समुद्रातच जाळून टाकावा लागे, कारण तो वापरणारे कारखाने आणि तो नेणारे नळ पुरेसे नव्हते. आमचे वरिष्ठ सांगत की रात्री त्या ज्वाळा मैलोन्मैल दिसत. पुढे उरणला वायू आला, ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ येथील खतकारखान्यांना तो मिळू लागला. वसई क्षेत्राचा वायू हाजिऱ्याला उतरून नळाने थेट उत्तर भारतापर्यंत गेला. शहरातल्या स्वयंपाकघरांसाठी महानगर गॅसची स्थापना झाली ती १९९५ मध्ये.

देशातल्या जुन्या क्षेत्रांमधला स्वस्त वायू वाटताना घरगुती जोडण्या आणि सीएनजी यांना अग्रक्रम असतो. एप्रिल २०२३ पासून त्याचा भाव भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी दराच्या दहा टक्के असा ठरवला गेला, आणि त्याला सुरुवातीला दर दहा लाख बीटीयूला खाली चार व वर साडेसहा डॉलरची मर्यादा घातली. तो पुरत नाही तेव्हा आयात केलेला वायू मिसळतात. देशाच्या एकूण वापरापैकी साधारण निम्मा वायू आज जहाजाने येतो. दहेजच्या धक्क्यावर कतारचा वायू २००४ पासून उतरतो आहे. वर्षाला ७५ लाख टनांचा तो करार २०२८ मध्ये संपणार होता, फेब्रुवारी २०२४ मध्ये तो २०४८ पर्यंत वाढवला गेला.

दोहा_डोंबिवली

यात माझी एक भर. त्या करारामुळे भारताचा साठा एका घनमीटरानेही वाढत नाही आणि शिवडीकरांच्या यादीत आपण जिथल्या तिथेच राहतो. पण वीस वर्षांच्या खात्रीचा पुरवठा मिळतो, जो कृष्णा-गोदावरीच्या 'सिद्ध' साठ्याने दिला नाही. जपान तर यादीत शून्याच्या जवळ असेल आणि त्याने अर्धशतक द्रवरूप वायूचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणून काढले. दुसरीकडे तुर्कमेनिस्तानने १९९३ पासून नागरिकांना ठरावीक वायू फुकट दिला आणि २०१९ पासून ते बंद केले. दोनशेहून अधिक वर्षे पुरणारा साठा असलेल्या सरकारला ते परवडेना, कारण वायू विकायला समुद्र नाही आणि २००९ मध्ये चीनकडे गेलेल्या नळाला तोडीचा दुसरा मोठा नळ नाही. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून आपल्याकडे येणाऱ्या नळाचे भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. तो वायू अजून आपल्यापर्यंत आलेला नाही.

ट्रॉम्बेवासी

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. परळकर तरुण मित्रा, तुमच्या भागात वायू १९९५ नंतर आला असे समजू नका. १८६० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले, आणि तो वायू लालबागला दगडी कोळसा तापवून तयार केला जात असे. तिथल्या गॅस कंपनी लेनचे नाव त्यावरूनच पडले. म्हणजे शिवडीकरांच्या सूत्राप्रमाणे मुंबईचे गुणोत्तर शून्य असताना मुंबईत वायू जळत होता.

सकल उत्पादनाबद्दलही एक गोष्ट सुटते आहे. आमच्या कारखान्यात वायू जाळण्यासाठी कमी आणि कच्चा माल म्हणून जास्त वापरला जाई. त्यातून अमोनिया आणि अमोनियातून युरिया. तो युरिया विदर्भातल्या कापसाला आणि पंजाबातल्या गव्हाला गेला की त्याचे मूल्य शेतीच्या खात्यात दिसते. वायूच्या नावाने जे उत्पन्न दिसते ते फारच थोडे असते. त्रिनिदादने हाच धंदा अमोनिया आणि मिथेनॉल परदेशी विकून केला. साठा फक्त ०.३ लाख कोटी घनमीटर, तरी देश त्यावर उभा राहिला. आता मात्र विहिरी आटू लागल्या आणि चारपैकी एक द्रवीकरण संच २०२० च्या अखेरीस वायूअभावी बंद पडला.

शिवडीकर

सर्वांचे आभार. पुतणीने धागा वाचला आणि निबंधाचे शीर्षक बदलले. साठ्याला सकल उत्पादनाने भागण्याऐवजी ती आता दरवर्षी निघालेल्या वायूच्या किमतीतून काढण्याचा खर्च वजा करून, उरलेल्या रकमेचे सकल उत्पादनाशी प्रमाण पाहणार आहे. जागतिक बँक अशीच आकडेवारी ठेवते असे तिला आढळले. अपूर्णांक ताई, भावाची भेसळ त्यातही राहतेच, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "राहू दे काका, निदान ती उघड दिसते."

माझी जुनी यादी मी काढून टाकत नाही. तिच्याखाली एवढीच ओळ लिहिली आहे: मोठा आकडा दिसल्यास आधी छेद तपासावा. सहसा साठा मोठा नसतो, अर्थव्यवस्था लहान असते.

ट्रॉम्बेवासी

काढू नकाच, पण त्यात एक दुरुस्ती हवी. शिवडीकर, तुम्ही घनमीटर म्हणता ते कोणत्या तापमानाचे? आपल्या घरच्या बिलावरचा प्रमाणित घनमीटर १५ अंश सेल्सिअसला मोजतात. रशियात तो २० अंशांना मोजण्याची रीत आहे. वायू तापला की फुगतो, म्हणून रशियन घनमीटरात सुमारे पावणेदोन टक्के वायू कमी असतो. तुमचा ३७.४ हा आकडा रशियन मापातून जुळवून न घेता कुणी तसाच उचलला असेल, तर त्यात सहा दशांश लाख कोटी घनमीटरची चूक आहे. भारताचा सगळा सिद्ध साठा १.३ लाख कोटी आहे. म्हणजे नुसत्या पाच अंशांच्या फरकात आपला निम्मा देश बसतो.